सुनंदाचे यंत्र

११ जून १९६७

सुनंदाकडे यंत्र आले!

चुडामणने वर्तमानपत्र टेबलावर टाकले आणि दारातच उभा. रोग्यांची नावे पुकारायचे सोडून. "काय रे?" — "काही नई बाई. तिसरं पान देखा."

तिसऱ्या पानावर फोटो. मधे सुनंदा, गळ्यात हार. एका बाजूला दलिचंदशेठ, दुसऱ्या बाजूला यंत्र. यंत्रालाही हार! बुबुळाचा बाक मोजणारे केरॅटोमीटर, शेठजींच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ. खाली ओळ — 'शंकूबुबुळाच्या रोगाचा अनेक वर्षे अभ्यास करणाऱ्या धुळ्याच्या डॉ. सुनंदा खैरनार.'

अनेक वर्षे! कुणाबरोबर, ते नाही लिहिले.

छप्पन्न साली सुरुवात कुठे झाली? माझ्या दवाखान्यात. जळगावचे रोगी माझे, धुळ्याचे तिचे. कॉलेजात एका बाकावर बसलो, एकाच सांगाड्यावर हाडे पाठ केली, आता एक रोग वाटून घेऊ म्हणालो. हा रोग सुरू कसा होतो, कुणाचा आपोआप थांबतो, कुणाचा वाढत जातो — पुस्तकात कुठेच नीट नाही. कारण एकेका रोग्याला पंधरा-वीस वर्षे कुणी बघतच नाही. आपण बघू. त्यावर चहा झाला.

तेव्हापासून मी ही पत्र्याची चकती धरते आहे. काळी-पांढरी वलये, मधे भोक. रोग्यासमोर धरायची आणि भोकातून बघायचे. त्याच्या बुबुळात वलयांचे प्रतिबिंब पडते. निरोगी डोळ्यात गोल. शंकू सुरू झाला की वलये खालच्या अंगाला ओढली जातात, अंड्यासारखी. पुढे पेरूसारखी. डोळ्यांनी बघते, हाताने कागदावर काढते. मला हार कुणी घातला नाही. चकतीलाही नाही.

१३ जून

सुनंदाचा ट्रंक कॉल. "द्वारके, फोटो बघितलास?"

म्हटले, परवा पेपर आला नाही.

पूर्वी पत्रे लिहायची, चार-चार पानी. आता ट्रंक कॉल! यंत्रवाली बाई.

२९ जून

फैजपूरला जाऊन आले. प्रेमकुंवरचे लग्न.

तेरा वर्षांची होती तेव्हा तिची आई भंवरीबाई तिला घेऊन आली. फळा दिसत नाही, दर चार महिन्यांनी चष्मा बदलावा लागतो, मास्तर म्हणतात मुलगी ढ आहे. चकती धरली — वलय किंचित लांबट. इतके किंचित की दुसऱ्या कुणाला दिसले नसते. भंवरीबाईला समजावले होते, "डोळ्याच्या पुढची काच लाडवासारखी गोल असते. हिची पातळ होऊन मोदकासारखी टोकदार होत चालली आहे." त्या म्हणाल्या, "मोदक तर गणपतीला चालतो, बाईसाहेब!" आणि रडू लागल्या.

तेव्हापासून पोरीने एक खेप चुकवली नाही. पावसात, परीक्षेत, एकदा तर गोवर उठलेला असताना आली. माझ्या साऱ्या रोग्यांत हिचाच रोग मी अगदी पहिल्या दिवसापासून पाहिला आहे. आणि सासर कुठे? धुळे! आग्रा रोडला रुपचंदशेठचे कापडाचे दुकान आहे, त्यांचा निर्मलकुमार. साऱ्या मुलखात मुलगा धुळ्यातच मिळाला!

फेऱ्यांना चष्मा काढून ठेवला होता. नवऱ्याच्या शेल्याची गाठ घट्ट धरून पावले टाकत होती. बायका म्हणाल्या, किती लाजाळू आहे. लाजाळू कसली, वाट दिसत नव्हती.

पाठवणीला सगळ्या रडल्या, मीही रडले. भंवरीबाईने माझा हात धरला. त्यांना वाटले, माया. मायाही होतीच. पण मनात दुसरे चालले होते — उद्यापासून ही सुनंदाच्या खुर्चीवर बसणार.

५ नोव्हेंबर

प्रेमकुंवर दिवाळीला आली. चष्मा नाही! सुनंदाने बुबुळावर बसवायची भिंगे दिली आहेत. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचली. मग खिडकीशी जाऊन समोरच्या टॉकीजची पाटी वाचली, मग खालची बारीक अक्षरे, मग पोस्टरवरच्या नटीच्या कानातले काय आहे तेही सांगितले. चुडामण टाळ्या वाजवायचा बाकी होता.

"किती छान आहेत त्या बाई! अगदी जवळ येऊन बघतात. नाकाला नाक लागेल इतक्या! आणि मग हसतात. तुम्ही लांबून बघता."

चकती लांबूनच धरायची असते!

भिंगे काढायला लावून तपासले. वलये होती तशीच. पुन्हा बसवली, पुन्हा तपासले. काही बिघडलेले नाही. वाईट वाटले मला. कसली डॉक्टर मी!

६ नोव्हेंबर

भिंगे मलाही मुंबईहून मागवता आली असती. डोळ्यात काच घालायची म्हणून मन घेईना. तिच्या मनाने घेतले.

१४ जानेवारी १९६८

संक्रांत. दुपारपर्यंत दवाखाना रिकामा. चुडामणला विचारले, बोदवडचे ते दोघे भाऊ आज यायचे होते ना? तो म्हणाला, "बोदवडनी मंडई बठ्ठी धुयाले जाई राह्यनी बाई. तठे यंतर शे."

सगळीच धुळ्याला, यंत्राकडे! त्याला तिळगूळ दिला नाही. संध्याकाळी दिला.

२१ मे

प्रेमकुंवरला सातवा लागला. पहिले बाळंतपण, म्हणून माहेरी आणली आहे. "आमच्यात मूळची ही रीत नाही," भंवरीबाई म्हणाल्या, "पण इथं चार पिढ्या झाल्या, आता इथल्यासारखंच सगळं." एका हातात आंब्याची टोपली, दुसऱ्या हातात पोरगी. "आधी तुमच्याकडं आणली बघा. घरी नंतर नेते."

चकती धरली. दोन्ही डोळ्यांत वलये पेरूसारखी. डावा फारच. खाली बघ म्हटले तर खालची पापणी टोकावर उचलली जाते. दिवाळीला यातले काही नव्हते. भिंगे टोचतात म्हणते.

भिंगांनी केले!

मग झमकूबाईची आठवण झाली. उलटी गोष्ट — माहेर धुळे, सासर इथले. गेल्या वर्षी बाळंतपणाला धुळ्याला गेली, तिथे सुनंदाने तिलाही भिंगे बसवली. मूल घेऊन परत आली ती डोळे बिघडवूनच. इथून तिकडे गेलेली बिघडते, तिकडून इकडे आलेलीही बिघडलेली असते. दोन्हीकडे धुळेच!

प्रेमकुंवरची भिंगे काढून डबीत ठेवली. रडली. "बाई, मला पुन्हा काही दिसणार नाही हो." म्हटले, डोळे राहिले तर दिसेल.

ती गेल्यावर आनंद झाला. इथे दुसरे कुणी वाचत नाही म्हणून लिहिते — आनंद झाला.

२ जून

निबंध लिहायला घेतला. 'बुबुळावरील भिंगांनी होणारा अपाय.' पुढच्या मार्चमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांची विभागीय सभा धुळ्यालाच आहे. तिच्या गावात, तिच्यासमोर, तिच्या त्या यंत्रासमोर वाचीन.

२३ जून

प्रेमकुंवर सकाळी उठली ती डाव्या डोळ्यावर पांढरा पडदा घेऊनच. भंवरीबाई टांग्यातून ओरडत आल्या, "डोळ्यात खडू कालवल्यासारखं झालंय!" शंकूचे टोक ताणून आतून चिरले, डोळ्यातले पाणी काचेत शिरले. दाबून पट्टी बांधली. पाणी ओसरेल, पण डाग राहणार. डाव्या डोळ्याने आता वाचणे नाही.

भिंगे काढून महिना होऊन गेला. तरी चिरले. — म्हणजे भिंगांनी आधीच करून ठेवले होते. तसेच असणार.

प्रेमकुंवर पट्टीच्या आडून म्हणाली, "उजवा तरी राहील ना हो?"

२४ जून

सुनंदाचा ट्रंक कॉल. तिला निर्मलकुमारकडून कळले. हॅलोसुद्धा नाही. "तुझ्याकडे आल्या की मुली बिघडतात कशा गं? भिंगं काढलीस? काय घालतेस तरी त्यांच्या डोळ्यांत?"

म्हटले, ऐकू येत नाही, लाइन खराब आहे.

लाइन उत्तम होती.

१६ सप्टेंबर

प्रेमकुंवरला मुलगा. सव्वा महिना झाला, आज धुळ्याला गेली. डाव्या डोळ्यात तांदळाएवढा डाग. बाळाला उजव्या बाजूला धरून बघते.

२० सप्टेंबर

आज हसीनाबी आपल्या सुनेला, मदिनाला, घेऊन आली. मदिना माझी जुनी रोगी, हसीनाबीच्या दिराची मुलगी. गेल्या वर्षी तिचा निकाह हसीनाबीच्याच मुलाशी, नूर महंमदशी झाला. सहावा महिना.

चकती धरली. पेरू!

"हिला धुळ्याला कधी नेली होती?"

"धुळे?" हसीनाबी हसायलाच लागली. "अहो बाईसाहब, पोरगी रेल्वेच्या फाटकापलीकडं गेलेली नाही! माहेर आणि सासर यांच्यात एक भिंत. इकडं रुसली की तिकडं जाऊन जेवते, तिकडं रुसली की इकडं."

"सासू आहे का ही!" मदिना म्हणाली. "सगळं सांगते."

"कुणी डोळ्यात भिंगं बसवली?"

"या अल्ला, ती कशाला बसवू? चष्माच भजी तळताना कढईत पडला होता हिचा."

गेल्या थंडीत तिची वलये मीच काढून ठेवली होती. जवळजवळ गोल. तो कागद आणि आजचा कागद शेजारी ठेवून बसले. दोघी निघून गेल्या तेही कळले नाही.

२१ सप्टेंबर

डोळे चोळत असेल. — विचारून आले, चोळत नाही. चुलीचा धूर असेल. — धूर लग्नाआधीही होताच.

भिंगे नाहीत. धुळे नाही. पोटात मूल आहे.

२२ सप्टेंबर

इतके सरळ होते!

इकडची मुलगी तिकडे दिली की शेवटच्या महिन्यांत माझ्याकडे येते. तिकडची मुलगी इकडे आली की शेवटच्या महिन्यांत सुनंदाकडे जाते. डोळा बिघडतो तो पोट वाढते त्या महिन्यांत, आणि नेमकी तेव्हाच मुलगी एकीच्या खुर्चीवरून दुसरीच्या खुर्चीवर जाते. दिवस राहिल्यापासून सुटका होईपर्यंत एकाही मुलीला आम्हा दोघींपैकी एकीनेही सलग पाहिलेले नाही. जे बिघडले ते दुसरीने बिघडवले, एवढे म्हणायला मोकळ्या! मी धुळे म्हणत राहिले. गाव नव्हे, महिने.

मदिना एका भिंतीपलीकडे राहिली म्हणून दिसले. नाहीतर मी मरेपर्यंत भिंगेच म्हणत बसले असते.

सुनंदाला सांगायचे नाही. मार्चमध्ये वाचीन. माझे एकटीचे. यंत्राने हे दिसले नाही तिला, चकतीने दिसले मला!

अर्धी मोजमापे तिच्याकडे आहेत. असू देत. अर्ध्यावरही वाचता येते.

३ ऑक्टोबर

जुना निबंध बंबात घातला. नवा सुरू.

११ जानेवारी १९६९

मदिनाला मुलगी. डोळे थोडक्यात निभावले. हसीनाबीने खीर पाठवली, वर निरोप — "धुळ्याला नेली नाही म्हणून वाचली, असं बाईसाहबांना सांगा."

९ फेब्रुवारी

निबंध पुरा झाला. चांगला झाला आहे. गेल्या कित्येक वर्षांत मी इतके चांगले काही केलेले नाही.

आणि दुपारी भंवरीबाई पेढे घेऊन आल्या. प्रेमकुंवरला पुन्हा दिवस गेले. तिसरा. अंगावर पिणारे मूल आहे, आणि दुसरे! "सातव्यात आणते. डोळे तुमच्यासमोरच राहू देत. तिकडच्या भिंगवालीकडं नको." मागच्या बाळंतपणाला मी जे म्हणाले होते तेच मला परत ऐकवत होत्या.

पेढा तोंडात फिरत राहिला.

सातव्यात आणून काय उपयोग? तोवर उजवा चिरेल. आतापासून बघायला हवा, दर आठवड्याला. टोकावर ताण वाढू लागला की त्याच दिवशी पट्टी, झोपून राहणे, मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवणे. आणि हा ताण चकतीत दिसेपर्यंत उशीर होतो. डाव्याच्या वेळी झालाच. यंत्रात आधी दिसतो.

यंत्रात आधी दिसतो. लिहिले एकदाचे.

१० फेब्रुवारी

मार्चपर्यंत थांबले तर? एकच महिना. सभा झाली की त्याच दिवशी सांगेन.

११ फेब्रुवारी

"उजवा तरी राहील ना हो?"

उद्याची धुळ्याची गाडी.

१२ फेब्रुवारी

सुनंदाच्या दारात उभी राहिले. ती समोरच होती, माझ्याकडे बघत. "कोण?" म्हणाली.

"कोण म्हणजे? तीस वर्षं ओळखतेस!"

"द्वारका! अगं, ये ना." मोठेपण आले की माणसे ओळखू येत नाहीत.

बसायच्या आधीच सगळे सांगून टाकले. प्रेमकुंवर, झमकूबाई, मदिना, भिंत, महिने. न थांबता बोलले, थांबले असते तर उरलेले पोटात ठेवून परत आले असते. सुनंदा हसू लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. ड्रॉवर उघडून कागद काढले, टाइप केलेले.

"वाच. मीही मार्चमध्येच वाचणार होते. तुझ्यावर!"

"माझ्यावर?"

"तुझ्याकडं दोन महिने राहून आली की मुलगी बिघडून येते. इथून गेलेली, तिथून आलेली, सगळ्याच. मी म्हटलं, द्वारकेचं ते पिवळं मलम!"

"मलमाने काय होतंय? तुझ्या त्या भिंगांनी—"

"बघ! सोडत नाहीस अजून!"

 मग एकदमच दोघींनी चहा मागवला.

तिच्याकडची मोजमापे माझ्याशेजारी ठेवली. तिच्याकडे सुरुवात, माझ्याकडे शेवट. माझ्याकडे सुरुवात, तिच्याकडे शेवट. एकाही मुलीचे पुरे नव्हते, आणि आता सगळ्यांचे पुरे झाले. फार बायका नाहीत, छातीठोकपणे सांगण्याइतक्या नाहीतच. पण बाक सगळ्यांचा एकाच बाजूला वाढलेला.

यंत्र पाहिले. एक मुलगी आकडे वाचते, सुनंदा शेजारी बसून नुसती ऐकते. राणी! "तू बस ना आज, तू वाच," मला म्हणाली. बसले. काय सुरेख यंत्र आहे! जळून गेले मी.

निबंध दोघींच्या नावाने. माझे नाव आधी. ती एका शब्दाने भांडली नाही, त्याचाही राग आला.

१५ फेब्रुवारी

फैजपूर. भंवरीबाईला सांगितले — या खेपेला पोरीला माहेरी आणू नका. धुळ्यालाच राहू द्या. तिथली बाई दर आठवड्याला बघेल.

"लोक काय म्हणतील? आईला पोरगी जड झाली?"

"उजवा डोळा लोकांचा जायचा नाही."

"आणि मी काय करू? मी तिच्या सासरी पाण्याचा घोट घेत नाही, बाईसाहेब. मुलीच्या घरचं पाणी आम्हांला चालत नाही. बाळंतपण काय ओट्यावर बसून करू?"

"सुनंदाच्या घरी मागच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत. पोरीला तिथं आणा, तुम्हीही तिथं राहा. तिथलं पाणी प्या. बोलले आहे मी तिच्याशी."

"ती तुमची कोण?"

"मैत्रीण," म्हटले. बऱ्याच वर्षांनी तो शब्द तोंडात आला. नवा दात बसवल्यासारखा वाटला.

भंवरीबाई उठून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात पाण्याचा तांब्या. माझ्यापुढे ठेवला. "तेराव्या वर्षी तुमच्या ओटीत घातली होती. आणि आता तुम्हीच दुसरीच्या हवाली करता?"

"हो," म्हटले. पाणी प्यायले आणि उठले.

बसमध्ये सारी वाट केळीच्या बागा बघत आले. दिसली एकही नाही.

२० फेब्रुवारी

सुनंदाचा ट्रंक कॉल. प्रेमकुंवरचे पहिले मोजमाप सोमवारी. आणि यंत्र वाचणारी मुलगी लग्न होऊन मालेगावला चालली. म्हटले, मग तू वाच.

 तेव्हा म्हणाली, "द्वारके, मला मधलं दिसत नाही. कडा दिसतात. दोन वर्षं होऊन गेली. चकतीतली वलयं दिसेनाशी झाली, म्हणून तर शेठजींकडं यंत्र मागितलं. आकडे दुसऱ्या कुणी वाचले तरी चालतात."

पत्रे लिहीत नाही. नाकाला नाक लावून बघते. दारात 'कोण' म्हणून विचारते. आणि मी डोळ्यांची डॉक्टर!

म्हटले, लाइन खराब आहे. या वेळीही उत्तम होती.

चुडामणला सांगितले, सोमवारी दवाखाना बंद. दर सोमवारी.

"काब्रं बाई?"

"धुळ्याला जायचं असतं."

तो बघतच राहिला. "आते तुम्हीबी धुयाले?"